साठ ठोकळ्यांचा पूल

कोडं असं होतं. एका ठोकळ्यात दुसरा ठोकळा चपखल बसत होता. दुसऱ्यात तिसराही तसाच बसत होता. कुठे फट नव्हती, कुठे ओढाताण नव्हती. पण असे साठ ठोकळे रांगेत जोडून केलेला पूल दोन मनोऱ्यांच्या मध्ये मावत नव्हता. करंगळीच्या अर्ध्या रुंदीएवढा तो जास्त लांब होता.

हे कोडं शाल्मली सबनीसला पडलं, ते नेमकं स्पर्धेच्या सभागृहात. समोर परीक्षक बाई उभ्या होत्या आणि मागे अर्धी शाळा.

वसईतल्या शाळांसाठी दरवर्षी डिसेंबरात खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या देखाव्यांची स्पर्धा होत असे. ठोकळे विकतचे वापरले तरी चालत, स्वतः छापले तरी चालत. आता प्रत्येक वाचनालयात त्रिमित छपाईयंत्र (प्लास्टिकचे पातळ थर एकावर एक चढवून वस्तू तयार करणारं यंत्र) असल्यामुळे बरीच मुलं स्वतःचे ठोकळे बनवत. देखाव्यात तीन गोष्टी असायला हव्यात, असा यंदाचा नियम होता. एक पुस्तकातली, एक सिनेमातली आणि एक सणाची.

शाल्मली आणि फ्लेविया तुस्कानो पहिलीपासून एका बाकावर बसायच्या. दोघींनी मिळून ठरवलं, की डावीकडे त्यांच्या आवडत्या साहसकथेतलं दीपगृह करायचं, मध्ये सिनेमात पाहिलेलं अवकाशस्थानक आणि उजवीकडे नाताळचा गोठा. तिन्हींना जोडणारा समुद्रावरचा एक लांब पूल. गोठा, दीपगृह आणि त्यांच्याजवळचे पुलाच्या दोन टोकांचे मनोरे फ्लेवियाकडे आले, कारण तिच्या आजोबांकडे जुन्या ठोकळ्यांची मोठी पेटी होती. अवकाशस्थानक आणि पुलाचे समुद्री रंगाचे, लाटांची नक्षी असलेले ठोकळे शाल्मलीने छापायचे होते.

पूल मनोऱ्यांमध्ये बसेना, तेव्हा शाल्मलीने तो दाबून पाहिला. मग जोर लावला. दीपगृहाकडचा मनोरा एका बाजूला कलला, खालच्या पाटावरच्या गुंड्यांपासून सुटला आणि कोसळला. छोटे ठोकळे टेबलाखाली, लोकांच्या पायांत विखुरले.

"काय झालं?" परीक्षक बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मनोरे फ्लेवियाने लावले होते," शाल्मली म्हणाली. "तिचं अंतर चुकलं."

फ्लेविया गुडघ्यांवर बसून ठोकळे गोळा करत होती. तिने वर पाहिलं. "मी पाटावरच्या गुंड्या तीनदा मोजल्या होत्या," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग तीनदा चुकल्या असतील."

मागची काही मुलं हसली. मनोरा पडल्यामुळे तो नेमका कुठे उभा होता, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. फ्लेविया पुन्हा ठोकळे गोळा करू लागली.

देखाव्याला बक्षीस मिळालं नाही. पण दुसऱ्या दिवशी गावडे सरांनी वर्गात सांगितलं, की परीक्षक बाईंना लाटांचे ठोकळे फार आवडले आहेत. बाई चांद्रबांधकाम केंद्रात काम करत होत्या. चंद्रावरच्या नव्या वसाहतीच्या भिंती तिथल्याच मातीच्या ठोकळ्यांनी बांधल्या जात होत्या, आणि त्या ठोकळ्यांची चाचणी या केंद्रात होत असे. दुसऱ्या फेरीसाठी तिथे प्रत्येक शाळेतून एका मुलाला बोलावलं होतं.

"आपल्याकडून शाल्मली," सर म्हणाले. "पुलाचं काम तिचं होतं. मनोऱ्यांच्या चुकीसाठी तिला मागे ठेवणं बरोबर नाही, असं बाईंचं म्हणणं पडलं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. फ्लेवियानेही वाजवल्या. आता ती खिडकीजवळच्या बाकावर एकटी बसली होती.

त्या टाळ्या चालू असतानाच शाल्मलीला वाचनालयातला तो पडदा आठवला. आधीचं राखाडी रीळ काढून तिने मक्यापासून केलेल्या प्लास्टिकच्या तारेचं नवं समुद्री रंगाचं रीळ यंत्राला लावलं होतं. तेव्हा पडद्यावर अक्षरं आली होती, 'रीळ बदललं आहे. मापजुळणी करायची का?' खाली दोन बटणं होती, 'आत्ता' आणि 'नंतर'. वाचनालय बंद व्हायला आलं होतं. शाल्मलीने 'नंतर' दाबलं होतं.

त्याचा आणि पुलाचा काही संबंध नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. घरी जाईपर्यंत ती हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आईला निवडीची बातमी सांगितली, तर आईने लगेच मामाला फोन लावला. "आमची शाल्मली चंद्राच्या केंद्रात चालली," आई हसत म्हणत होती. शाल्मली पाणी प्यायचं निमित्त करून आत निघून गेली.

रविवारी तिला तुस्कानोंच्या घरी जावंच लागलं. मनोऱ्यांचे जुने ठोकळे तिच्याकडच्या पिशवीत आले होते, ते परत करायचे होते. फ्लेविया त्या वेळी चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांच्या सरावाला जाते, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने मुद्दाम तीच वेळ निवडली. पिशवी ठेवायची आणि निघायचं, असं तिने ठरवलं होतं.

अंगणात फ्लेवियाचे आजोबा, सिमोन तुस्कानो, आळीतल्या नाताळच्या गोठ्यासाठी बांबू चिरत बसले होते. आजोबा मापनशास्त्रज्ञ (वस्तू अचूक मोजायच्या पद्धती शोधणारे शास्त्रज्ञ) होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी चंद्रावरच्या ठोकळ्यांच्या मापांवर काम केलं होतं.

"ये बाय, ये," ते म्हणाले. त्यांनी तिच्या हातावर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, ठेवली. "बरं झालं आलीस. मला एक गोष्ट कळत नाहीये, ती तूच सांगू शकशील."

शाल्मलीने पिशवी पायाशी ठेवली.

"फ्लेविया म्हणते, अंतर तिच्याकडून चुकलं. स्पर्धेहून आल्यापासून रोज पाट काढते आणि गुंड्या मोजत बसते. दर वेळी बरोबरच मोजते. मग रडते. म्हणते, स्पर्धेच्या दिवशीच मी कशी चुकले? काल तर म्हणाली, पेटी कुणाला तरी देऊन टाका. मोजायला तिला मीच शिकवलंय. ती असं चुकेल, हे मला पटत नाही."

फ्लेवियाने घरी शाल्मलीचं नावही घेतलं नव्हतं. शाल्मलीच्या सांगण्यावर तिने विश्वास ठेवला होता, स्वतःच्या मोजण्यावर नाही. सुकेळी शाल्मलीच्या हातात तशीच राहिली.

"पुलाचे ठोकळे आहेत का तुझ्याकडे?"

ते पिशवीतच होते. 'नाहीत' म्हणणं सोपं होतं. आजोबांनी पिशवीत डोकावून पाहिलं नसतं.

"आहेत," ती म्हणाली.

आजोबांनी आतून पेटी आणली आणि दोघं ओट्यावर बसली. आजोबांनी एक जुना ठोकळा आणि एक समुद्री रंगाचा ठोकळा शेजारी शेजारी ठेवला. दोन्हींची एक बाजू भिंतीला टेकवली.

"आता दुसऱ्या टोकावरून नख फिरव. एक पुढे आलाय, असं वाटतं?"

शाल्मलीने नख फिरवलं. काहीच अडकलं नाही. तिला क्षणभर हायसं वाटलं. "सारखेच आहेत," ती म्हणाली.

"दोन-दोन लावून बघू."

तरीही नख अडकलं नाही. मग आजोबांनी भिंतीपासून जुन्या दहा ठोकळ्यांची एक रांग केली आणि तिला तिच्या दहांची रांग शेजारी लावायला सांगितली. शाल्मलीने शेवटचा ठोकळा टेकवला आणि टोकावरून नख फिरवलं.

नख अडकलं. तिची रांग एका मिलिमीटरने पुढे आली होती.

तिने पुन्हा फिरवून पाहिलं. पुन्हा अडकलं. तिने बोट मागे घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

आजोबा नेहमीच्या सुरात बोलू लागले. "दहा ठोकळ्यांत एक मिलिमीटर. म्हणजे एका ठोकळ्यात किती?"

"एक दशांश."

"साधारण एका केसाच्या जाडीएवढा. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही, नखालाही लागत नाही. आता तुझे साठ ठोकळे होते."

"सहा मिलिमीटर," शाल्मली म्हणाली. पूल नेमका तेवढाच जास्त होता.

"याला संचित चूक म्हणतात (एकेका तुकड्यातली बारीक चूक साठत साठत मोठी होते ती). पण मग एक शंका यायला हवी. कुठली?"

शाल्मलीला बोलायचं नव्हतं. पण शंका तिला आली होती, आणि ती तिच्या तोंडून निघून गेली. "माझे ठोकळे चुकीचे होते, तर ते एकमेकांत बसले कसे?"

"कारण ते सगळे एकाच यंत्रातून आले. सगळे सारखेच मोठे. एखादी फुटपट्टी खोटी असली, तरी तिच्यावरून आखलेल्या सगळ्या रेघा एकमेकींशी जुळतात. बाहेरच्या खऱ्या मापाशी गाठ पडली, की फरक कळतो. तुझ्या पुलाची गाठ पाटावरच्या गुंड्यांशी पडली."

मग त्यांनी पेटीतले जुने ठोकळे मूठभर उचलून दाखवले. "हे काय अगदी अचूक आहेत, असं समजू नकोस. जगात कुठलीच वस्तू अगदी अचूक बनत नाही. म्हणून आम्ही सहनमर्यादा ठरवतो (मापात किती इकडेतिकडे झालं तर चालेल, ती हद्द). यातला एखादा कणभर मोठा असतो, एखादा कणभर लहान. रांगेत लावले, की मोठ्याची चूक लहान भरून काढतो आणि बेरीज फारशी वाढत नाही. तुझ्या ठोकळ्यांची चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला होती. अशी चूक भरून निघत नाही. तिला आम्ही पद्धतशीर चूक म्हणतो."

"पण यंत्र मोठे ठोकळे का छापेल?"

"गरम प्लास्टिक थंड होताना आकसतं. म्हणून यंत्र ठोकळा मुद्दाम किंचित मोठा छापतं, थंड झाल्यावर तो बरोबर मापाचा होतो. पण प्रत्येक प्लास्टिक वेगवेगळं आकसतं. मक्याचं कमी आकसत असेल, तर ठोकळा मोठाच राहणार. म्हणून रीळ बदललं, की आधी मापजुळणी करायची असते. यंत्राने एक नमुना छापायचा, आपण तो मोजायचा आणि खरं माप यंत्राला सांगायचं." आजोबांनी रस्त्याकडे पाहिलं. "शाल्मली, यंत्राने तुला विचारलं असेल ना?"

ओट्यासमोरून एक बाई सायकलवरून गेली आणि आजोबांना हात करून पुढे निघाली. आजोबांनीही हात केला. ते शाल्मलीकडे बघत नव्हते. बघत असते तर शाल्मलीला खोटं बोलता आलं असतं की नाही, कोण जाणे. पण ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते, आणि त्यामुळेच तिला ते जास्त लागलं.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "मी 'नंतर' दाबलं. आणि फ्लेवियाने चूक केली असं मीच बाईंना सांगितलं. सगळ्यांसमोर. ती म्हणाली तीनदा मोजलं, तर मी तिला हसले. म्हणजे मी नाही हसले, पण मुलं हसली, आणि मला ते आवडलं."

आजोबा रागावतील, घालवून देतील, असं तिला वाटलं. त्यांनी घालवून दिलं असतं तर बरं, असंही वाटलं.

आजोबांनी समुद्री ठोकळे एकेक करून पिशवीत भरले. "चंद्राच्या घुमटाची पहिली चाचणी आम्ही इथे जमिनीवर घेतली होती," ते म्हणाले. "ठोकळ्यांचं एक मोठं कडं करायचं होतं. शेवटचा ठोकळा बसेना. तीन गट होते, आणि तिघांचं बोट दुसऱ्याकडे. कडं कुणाकडून वाढलं, हे शोधायला फार वेळ गेला. पहिल्या ठोकळ्यापाशी सापडली असती, तर चूक केसाएवढीच असती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"तेव्हापासून प्रत्येक ठोकळा आधीच्या ठोकळ्यावर विसंबून लावत नाहीत. दर दहा ठोकळ्यांनंतर यंत्रमानव पहिल्या खुणेपासून पुन्हा मोजतो. चूक दहाच्या पुढे साठूच देत नाही. आणि अधूनमधून एक फट सोडतो, उरलीसुरली चूक पोटात घ्यायला." ते उठले. "फ्लेविया आता येईल. थांबायचं की नाही, ते तू ठरव."

शाल्मली थांबली. फ्लेविया फाटकातून आत आली, शाल्मलीला पाहून तिथेच उभी राहिली. शाल्मलीने तिला ठोकळ्यांचं सांगितलं, यंत्राचं सांगितलं. सांगताना ती फ्लेवियाच्या चपलांकडे बघत होती.

"म्हणजे माझं बरोबर होतं," फ्लेविया म्हणाली.

"हो."

फ्लेवियाने मागे वळून फाटकाची कडी लावली. मग म्हणाली, "तू सगळ्यांसमोर म्हणालीस. आणि खरं मला एकटीला सांगतेयस." ती आत निघून गेली.

सोमवारी शाल्मलीने गावडे सरांकडे वर्गात बोलायची परवानगी मागितली. फळ्यासमोर उभं राहिल्यावर तिचा आवाज इतका बारीक झाला, की मागच्या मुलांनी "ऐकू येत नाही" म्हणून सांगितलं. तिला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. 'नंतर'च्या बटणाबद्दल, साठ ठोकळ्यांबद्दल, आणि 'मग तीनदा चुकल्या असतील' या वाक्याबद्दल. कुणीतरी हसलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फ्लेविया खिडकीबाहेर बघत होती.

सरांनी परीक्षक बाईंना फोन केला. दुसऱ्या फेरीला शाल्मलीऐवजी फ्लेविया गेली. घरी आईने पुन्हा मामाला फोन लावला, आणि या वेळी शाल्मली दाराआड उभी राहून ऐकत होती. "नाही रे, ती नाही जात आहे," आई म्हणत होती. "ते तीच सांगेल तुला." आणि आईने फोन तिच्यापुढे धरला.

नंतरचे दिवस काही सोपे गेले नाहीत. मधल्या सुट्टीत मुलं तिला "नंतर" म्हणून हाक मारत. संध्याकाळी ती वाचनालयात जाई. तिने ग्रंथपाल काकांकडून मापजुळणी शिकून घेतली. नमुना छापायचा, पूर्ण थंड होऊ द्यायचा, तीन ठिकाणी मोजायचा. थंड होईपर्यंत वाट बघणं हेच त्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, हे तिला कळलं. तिचे नवे ठोकळे जुन्यांच्या शेजारी लावले, की दहाव्याशीही नख अडकत नसे. हे दाखवायला मात्र शेजारी कुणी नव्हतं.

नाताळ जवळ आला तेव्हा एका दुपारी फ्लेविया तिच्या दारात आली. ती आत आली नाही.

"आजोबांनी गोठ्यापुढे ओढा केलाय," ती म्हणाली. "खरं पाणी सोडलंय त्यात. त्याच्यावर पूल पाहिजे. दोन्ही काठांचे मनोरे मी लावलेत."

"ठोकळे मी छापू?" शाल्मलीने विचारलं.

"म्हणून तर आलेय."

दुसऱ्या दिवशी दोघी अंगणात ओढ्याच्या दोन बाजूंना बसल्या. आजोबा गोठ्यावर पेंढा पसरत होते आणि त्यांच्यात पडत नव्हते. सुरुवातीला दोघी कामापुरतंच बोलल्या. मग फ्लेविया केंद्राबद्दल सांगू लागली. तिथल्या मोठ्या पडद्यावर तिने चंद्रावरची भिंत बघितली होती. यंत्रमानव दहा ठोकळे लावतो, थांबतो, मागे वळून पहिल्या खुणेकडे बघतो आणि मग पुढे जातो. ती भिंत आता एवढी लांब झाली होती, की तिचं दुसरं टोक कॅमेऱ्यात मावत नव्हतं.

"पुढच्या वर्षी जोडीने बोलावणार आहेत," फ्लेविया म्हणाली. "जोडीदाराचं नाव द्यायचंय. मी अजून कुणाचं दिलेलं नाही."

"बरं," शाल्मली म्हणाली. तिने पुढचा ठोकळा फ्लेवियाच्या हातात दिला.

पूल पाण्याच्या मध्यावर आला. शाल्मलीने पुढचा ठोकळा द्यायला उचलला, तेव्हा तो तिच्या बोटांना किंचित खरखरीत लागला. छापताना त्याच्या कडेला प्लास्टिकचा एक कण राहिला होता. फ्लेविया खाली बघत होती, तिच्या लक्षात आलं नव्हतं. ठोकळा बसलाही असता.

शाल्मलीने मापयंत्र घेऊन तो मोजला. "हा मोठा आहे," ती म्हणाली. "छापताना राहिलाय. माझ्याकडून."

फ्लेवियाने तो तिच्याकडून घेतला, उजेडात धरून पाहिला आणि गवतावर बाजूला ठेवला.

"दुसरा दे," ती म्हणाली. तिने तो बसवला. मग ओल्या बोटांनी केस मागे सारत म्हणाली, "उद्या सरांकडे जायचंय नाव द्यायला. तू पण चल."